इथलीच माती

जुलै लागला की आमच्या गॅलेना फोर्कात दोनच प्रकारची माणसं उरतात: एल्डन प्रुएटची बोलणी खाल्लेली आणि खायची राहिलेली. त्याची बायको नेल्डा यांत धरायची नाही. ती बोलणी खात नाही, वाढते.

एल्डन काही वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. चौतीस वर्षं त्याने काउंटीची बर्फ लोटायची गाडी चालवली. हिवाळ्यात खिंडीचा रस्ता बंद झाला की अख्खं गाव कोंडलं जायचं, आणि एल्डनने तो मोकळा केला की दूध, टपाल, सासवा असं सगळं पुन्हा गावात यायला लागायचं. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाला वाटणारच, की आपण उघडतो म्हणून डोंगर उघडतो! उन्हाळ्यात हाच गडी कच्चा रस्ता सपाट करायचं यंत्र चालवायचा. ते यंत्र इतकं हळू चालतं, की चालवणाऱ्याला दोन्ही बाजूंची फुलं बघण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. एका उन्हाळ्यात त्याने यंत्र मध्येच थांबवलं, खाली उतरला आणि एका निळ्या फुलापुढे पंधरा मिनिटं उकिडवा बसून राहिला. मागे सात गाड्या भोंगे वाजवत होत्या. त्याच आठवड्यात त्याने एक भिंग मागवलं, बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घातलं, आणि तेव्हापासून ते काही त्याच्या गळ्यातून उतरलं नाही. लॅटिन नावं त्याने पुस्तकातून पाठ केली. उच्चार स्वतःचे केले. चूक आहे म्हणायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्याने बुधवारची फुलांची फेरी सुरू केली. सकाळी सातला, वाटेच्या तोंडाशी, गाड्या लावतात तिथे. फेरी फुकट होती, पण एल्डन तिची किंमत वसूल करायचा. आधी सगळ्यांना एका ओळीत उभं करायचा. मग तारेने खांबाला बांधलेला ताठ केसांचा ब्रश हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "पाय वर!"

आणि माणसं पाय वर करायची हो! डॅलसचे बडे वकील, डेन्व्हरचे डॉक्टर, सगळे एकमेकांच्या खांद्याला धरून नाल ठोकायला आणलेल्या घोड्यांसारखे उभे राहायचे. एल्डन बुटांच्या तळांवरच्या खाचांमधली माती खरवडायचा आणि खरवडता खरवडता तोंडही चालू ठेवायचा. "ही कुठली माती? ओक्लाहोमा? तिथे ठेवायला जागा नव्हती का? या खाचेत एक बी अडकलं ना, की वर जाऊन रुजतं आणि दहा वर्षांत आमचं इथलं कोलंबाइनचं फूल गिळून बसतं. ऑक्सआय डेझी ऐकलीय? पांढऱ्या पाकळ्या, पिवळा डोळा, दिसायला गरीब गाय! तण आहे ते, तण! दिसली की मुळासकट उपटायची आणि पिशवीत भरायची. कौतुक करायचं नाही, फोटो काढायचा नाही."

पाच वर्षांपूर्वी कॉरिन स्ट्रिकलँड पहिल्यांदा फेरीला आली. टेक्ससमधल्या लबकची, साठीतली बाई. दाताच्या डॉक्टरकडे दात साफ करण्यात तिचा जन्म गेला होता. नवरा गेल्यावर तिने गावाबाहेरच्या तळावर एक जुनी फिरती घरगाडी घेतली आणि उन्हाळे इथे काढू लागली. आमच्याकडे टेक्ससवाल्यांबद्दल काय बोलतात ते मी सांगत नाही. ती माणसं मनाला लावून घेत नाहीत, आणि त्यामुळे आम्हाला आणखी चेव येतो. तर त्या दिवशी कॉरिनने दोन्ही पाय मुकाट्याने वर केले, खरवडून घेतले आणि मग एल्डनच्या पायांकडे बघत अगदी सरळपणे विचारलं, "आणि तुमचे?"

"माझे काय?"

"तुमचे बूट कोण बघतं?"

एल्डनने ब्रश खांबाला लटकवला. "बाई, माझ्या बुटांना इथलीच माती आहे."

काय हशा पिकला! आम्हीही हसलो, खोटं कशाला बोलू. पुढच्या वर्षीच्या फुलांच्या मेळ्यात समितीने तेच वाक्य कॉफीच्या मगांवर छापलं. दोन दिवसांत सगळे मग खपले. एल्डन रोज सकाळी त्याच मगातून कॉफी प्यायचा. कॉरिनने पण एक घेतला होता.

तरी ती येत राहिली. दर बुधवारी, वही घेऊन. आणि दर उन्हाळ्यात एकदा तरी विचारायची, "एल्डन, ते वरचं कुरण खरंच आहे का?"

कारण गावात बोललं जायचं, की एल्डनचं वर एक कुरण आहे. जुन्या खाणीच्याही वर, जिथे पायवाट जात नाही. होतंच ते. सव्वीस वर्षांपूर्वी त्याला सापडलं होतं. जुलैच्या शेवटच्या रविवारी तो एकटाच जायचा, कुणी मागे लागू नये म्हणून मुद्दाम वळसे घेत. वर दोन कड्यांच्या बगलेत एक ओलं, वाटीसारखं कुरण होतं. तिथे कोलंबाइन गुडघ्याएवढी वाढायची. पेंटब्रश नावाच्या फुलांचे शेंदरी, किरमिजी, लिंबूपिवळे असे सगळे रंग एकाच ठिकाणी. ओढ्याकाठी हत्तीतोंडी, म्हणजे गुलाबी तुर्‍यावर इवल्याइवल्या सोंडा वर केलेल्या, हजारोंनी. एल्डन एका सपाट दगडावर बसायचा, बूट काढायचा, ते दगडावर आपटून खडे झाडायचा, शेंगदाण्याच्या लोण्याचं सँडविच खायचा आणि तासभर कुणावर ओरडायचा नाही. वर्षातला तेवढाच तास. त्याने कुणाला ती जागा दाखवली नाही. नेल्डालासुद्धा नाही. मूलबाळ नव्हतं, घर साधंच होतं. जगात खास त्याचं म्हणावं असं ते कुरण तेवढं होतं.

मग गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली आणि दोन उन्हाळे त्याला वर जाता आलं नाही. फेरी त्याने चालू ठेवली, पण सपाटीवरून, काठी टेकत, दुप्पट ओरडत. तिसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे यंदा, शेवटच्या रविवारी पहाटेच निघाला. दोन तासांची चढण त्याने चार तासांत चढली. कड्याला वळसा घातला, कुरणात डोकावला आणि जागच्या जागी थिजला.

कुरणाच्या मधोमध पांढरा पट्टा. पांढऱ्या पाकळ्या, पिवळा डोळा. दलदलीला वळसा घालून, आडव्या पडलेल्या ओंडक्याखालून, सरळ त्याच्या दगडापर्यंत. आणि दगडाभोवती तर नुसतं रान माजलेलं. तिथे दुसरं फूल म्हणून उरलं नव्हतं.

बसून त्याने उपटायला सुरुवात केली. मुळं बोटाएवढी जाड, एकमेकांत गुंतलेली. चाळीस झाडं उपटली असतील, तोवर गुडघा पेटला आणि पश्चिमेला ढग काळे व्हायला लागले. आमच्याकडे दुपारच्या आत डोंगर सोडावा लागतो, विजा कुणाचं वय बघत नाहीत. खाली उतरताना वाटभर तो एकच गोष्ट पुटपुटत होता: कुणीतरी आलं होतं. मी अंथरुणावर पडलो आणि कुणीतरी आलं.

कुणीतरी म्हणजे कोण, ते त्याने बुधवारपर्यंत ठरवून टाकलं होतं.

त्या बुधवारी बावीस माणसं रांगेत उभी होती. एल्डनने ब्रश घेतलाच नाही. तो सरळ कॉरिनसमोर जाऊन उभा राहिला.

"झालं समाधान?"

"कसलं?" कॉरिन म्हणाली. तिने सवयीने एक पाय आधीच वर केला होता.

"पाच वर्षं मागे लागलात. कुठे आहे, कुठे आहे. मी दोन वर्षं नव्हतो तेवढ्यात साधलंत. लबकची घाण माझ्या कुरणात नेऊन पेरलीत! ऑक्सआयने भरलंय सगळं. सव्वीस वर्षं जपलं मी ते, आणि तुम्ही..." त्याचा आवाज चिरकला, त्यामुळे तो आणखी जोरात ओरडला. "तुमच्यासारख्यांना फूल दिसलं की पाय ठेवल्याशिवाय चैन पडत नाही!"

कॉरिनने पाय खाली ठेवला. गालावर लाल चट्टे उमटले होते, पण आवाज साधाच.

"एल्डन, मला जागा माहीत असती तर पाच वर्षं तुम्हाला कशाला विचारत बसले असते?"

आम्ही सगळे बुटांकडे बघत उभे. तिची बाजू घ्यायला एकाचं तोंड उघडलं नाही, आणि ही गोष्ट सांगताना ते वगळून कसं चालेल?

"माझ्या फेरीला पुन्हा यायचं नाही," एल्डन म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि गाडीत बसून निघून गेली. तिची काठी खांबाला टेकलेली तशीच राहिली.

एल्डन घरी आला तेव्हा नेल्डा मागच्या पायरीवर बसून रुबार्बचे लाल, आंबट दांडे चिरत होती. शनिवारी रात्री अग्निशमन केंद्रात मेळ्याचं गावजेवण होतं, आणि तिच्या हातच्या रुबार्बच्या गोडाशिवाय ते होत नाही. एल्डनने तिला सगळं सांगितलं. कसं ठणकावलं, ते दोनदा सांगितलं.

"बिचारी," नेल्डा म्हणाली.

"बिचारी? तिने माझं कुरण बुडवलं!"

"बुडवलं असेल. कुठून गेली म्हणतोस ती?"

"तीच तर गंमत! माझ्याच वाटेने. आणि ती वाट कुणाला सापडण्यासारखी नाहीये, नेल्डा. मी मुद्दाम खाणीच्या मागून जातो. दलदलीला उजवीकडून वळसा. डावीकडचं सोपं आहे, म्हणून मी उजवीकडून. मग ओंडक्याखालून वाकून. वरून कुणीही जाईल, मी खालून."

"आणि फुलं?"

"फुलं बरोब्बर तिथूनच! उजवीकडून. ओंडक्याच्या खालून. एक पाऊल इकडेतिकडे नाही..."

बोलता बोलता तो थांबला. नेल्डाने आणखी एक दांडा घेतला.

"दगडापाशी जास्त आहेत म्हणालास."

"रान माजलंय."

"तिथे काय करते म्हणे ती? बूट आपटते?"

एल्डनला ती मुळं आठवली. बोटाएवढी जाड. दोन वर्षांत मुळं तशी होत नाहीत, हे त्यानेच किती बुधवारी किती लोकांना सुनावलं होतं. दहा वर्षांची, पंधरा वर्षांची मुळं होती ती. म्हणजे तो स्वतः तिथे सँडविच खात बसायचा तेव्हाही खालच्या पानांचे पुंजके गवतात लपून वाढत होते, आणि हा महाशय हत्तीतोंडीचं कौतुक करण्यात दंग!

त्याची नजर हळूहळू मागच्या फाटकाकडे गेली. फाटकाच्या दोन्ही बाजूंना नेल्डाची डेझी फुलली होती. गाडीकडे जायचं तर त्या फुलांमधूनच जावं लागायचं. पंचवीस वर्षं तो तिथूनच जात होता, ओल्या मातीत, बूट घालून.

"ती शास्ता आहे," एल्डन म्हणाला. "बागेतली. ती वेगळी."

"तूच म्हणतोस तसं," नेल्डा म्हणाली. "मी कुठे काय म्हणतेय? मेळ्याच्या पहिल्या वर्षी समितीने बियांची पाकिटं फुकट वाटली होती. 'डोंगर घरी न्या.' माझ्या वाढदिवसाला तू तेच आणलंस. तण तपासायला काउंटीचा माणूस आला, त्याला तूच हाकलून दिलंस. शास्ता आहे म्हणालास."

दोघी बहिणींसारख्या दिसतात, शास्ता आणि ऑक्सआय. फरक बघायचा तर बुडाशी वाकून खालची पानं बघावी लागतात. शास्ताचं पान लांबट, कडेला बारीक दातांचं. ऑक्सआयचं चमच्यासारखं, खोल कातरलेलं. एल्डनने जगातल्या प्रत्येक फुलाचं बूड बघितलं होतं. स्वतःच्या फाटकाशी वाकायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती.

गुडघा वाकेना, म्हणून तो फाटकाशी चक्क बसला, फतकल मारून. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. एक पान बघितलं. दुसरं बघितलं. मग एक झाड उपटून त्याचं बघितलं. नेल्डा सुरी थांबवून बघत होती.

"पुस्तक आणून देऊ?" तिने विचारलं.

"नको."

चमच्यासारखं, कातरलेलं पान त्याने मुठीत चुरगाळलं. मग, तिच्याकडे न बघता म्हणाला, "वर कुरणात दोन आठवड्यांत बी धरेल. औषध मारलं तर सगळंच मरेल. मी एकट्याने उपटायला बसलो तर सप्टेंबर उजाडेल. आणि एका वर्षाने भागत नाही. बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. दर जुलैला जावं लागेल, दहा वर्षं तरी." त्याने बोटांवर हिशोब केला. "मी चौऱ्याऐंशीचा होईन."

"मग माणसं ने."

"माणसं? तिथे?" एल्डन म्हणाला. "तिथे मी कुणालाही... तुलासुद्धा कधी नेलं नाही मी."

"ठाऊक आहे मला. पहिली दहा वर्षं विचारलं मी. मग सोडून दिलं." नेल्डाने चिरलेले दांडे पातेल्यात सारले. "फुलांचा राग नव्हता मला, एल्डन. दर वर्षी तू तिथून आलास की तेवढा एक दिवस माणसासारखा वागायचास. मला वाटायचं, आपणही बघावं, असं काय आहे तिथे." एवढं बोलून ती आत गेली.

तो तिन्हीसांजेपर्यंत फाटकाशी होता. उठला तेव्हा तिथे एकही डेझी उरली नव्हती, आणि चार काळ्या पिशव्या गच्च भरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉरिनच्या घरगाडीच्या जाळीच्या दाराशी उभा होता, एका हातात तिची काठी, दुसऱ्यात एक घडी घातलेला कागद. कॉरिन आत टेबलाशी कॉफी पीत होती. हातात मेळ्यातला तोच मग होता. तिने दार उघडलं नाही.

"काठी राहिली होती," एल्डन म्हणाला.

"तिथेच टेकवून ठेवा."

त्याने टेकवली. मग कागद दाराच्या फटीतून आत सरकवला. पेन्सिलीने काढलेला नकाशा होता. खाण, दलदल, ओंडका, दगड. सगळं. कॉरिनने तो उचलून टेबलावर पसरला.

"तण माझ्या फाटकातलं होतं," तो जाळीला म्हणाला. "मीच नेलं. दर वर्षी, बुटांतून. तुमचा काही संबंध नव्हता. माझी चूक झाली. लोकांसमोर झाली, तर लोकांसमोर सांगेन."

"माफी मागायला आलात, की मजूर गोळा करायला?"

एल्डनने खाली बघितलं. "दोन्हीसाठी."

कॉरिन पहिल्यांदाच किंचित हसली. "निदान खरं बोललात. दार उघडंच आहे, ढकला."

बातमी गावात पसरायला दुपार लागली नाही. संध्याकाळी आमच्यापैकी कितीतरी जण हातपाय मोकळे करायच्या निमित्ताने आपापल्या परसात गेले आणि कुणी बघत नाहीये याची खात्री करून मागच्या दाराशी वाकले. फुकटची पाकिटं आम्हीही घेतली होती. शुक्रवारी कचऱ्याच्या गाडीपुढे काळ्या पिशव्यांची रांग लागली. त्यांत काय आहे, कुणी कुणाला विचारलं नाही.

शनिवारी पहाटे सहालाच वाटेच्या तोंडाशी एकतीस माणसं जमली. हातमोजे, खुरपी, पिशव्या. नेल्डासुद्धा होती, नवे कोरे बूट घालून. एल्डन खांबापाशी उभा राहिला आणि लोकांसमोर सांगतो म्हणाला होता ते त्याने सांगितलं, न अडखळता, आवाज न चढवता. लोकांना ते ऐकणं त्याच्या ओरडण्यापेक्षा जड गेलं. मग सवयीने त्याचा हात ब्रशकडे गेला. ब्रश तिथे नव्हता. तो कॉरिनच्या हातात होता. दुसऱ्या हातात दात खरवडायचा एक बारीक, वाकडा आकडा होता. तिने जन्मभर तोच वापरला होता.

तिने स्वतःचे धरून तीस जणांचे बूट तपासले. लोकांच्या दातांत तीस वर्षं बघितलेली बाई ती, एक खाच सोडली नाही. सगळ्यात शेवटी ती एल्डनसमोर आली आणि पायाशी वर्तमानपत्र पसरून बसली.

"पाय वर."

"माझ्या बुटांना..." एल्डनच्या तोंडातून निघून गेलं.

कुणी हसलं नाही. नेल्डा पुढे आली आणि तिने आपला खांदा त्याच्यापुढे केला. एल्डनने तो धरला, दुखरा गुडघा वाकवला आणि पाय वर केला. कॉरिनने चष्मा खाली ओढून एकेक खाच खरवडायला घेतली. काळी, ओली, फाटकाशेजारची माती वर्तमानपत्रावर पडत राहिली. घाई न करता तिने कागदाची पुडी केली, पिशवीत टाकली आणि दुसरा कागद पसरला.

"आता दुसरा," ती म्हणाली.

एल्डनने दुसरा पाय वर केला.